चारशे बारा नंबरचं कार्ड

१

सकाळी साडेनऊ ते साडेअकरा ही माझी कार्डांची वेळ. त्याआधी पेज, रक्तदाबाची गोळी आणि अंगणातल्या दहा फेऱ्या. त्यानंतर आंघोळ आणि जेवण. पुण्याहून निवृत्त होऊन जामसंड्याला आलो त्याला सोळा वर्षं झाली, आणि या क्रमात क्वचितच बदल झाला असेल. यशोदा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "कॉलेजात इतके वेळेवर गेला असतात तर प्राचार्य म्हणून निवृत्त झाला असतात."

कार्डं म्हणजे विनोदी पोस्टकार्डं, साधारण १९०० ते १९१५ या काळातली. लठ्ठ मडम आणि तिच्या छत्रीखाली मावणारा बारीक नवरा, गाढवावरून घसरलेला पाद्री, मोठा मासा लागला म्हणून बूट ओढून काढणारा गृहस्थ. ही विलायतेत छापली जात, मुंबईत फोर्टातल्या दुकानांत विकली जात, आणि आमच्याकडचे चाकरमानी त्यांवर घरची पत्रं लिहीत. चित्राचा मजकुराशी काडीचा संबंध नसे. पुढच्या बाजूला मडम पाण्यात पडलेली, मागे 'भात किती झाला ते कळवावे, गुरांस जपावे.' मला गंमत वाटते ती या जोडीची. लिहिणाऱ्याने चित्र पाहिलं तरी होतं का, असा प्रश्न मला दर वेळी पडतो.

मी मानसशास्त्र शिकवलं, त्यातही स्मृती हा माझा विषय. माणूस घडलेलं कसं विसरतो आणि न घडलेलं कसं ठासून आठवतो, यावर मी अडतीस वर्षं बोललो. त्याची शिक्षा अशी की आता स्वतःच्या आठवणीवर माझा विश्वास नाही. गॅस बंद केला का, हे मी तीनदा बघतो. म्हणून प्रत्येक कार्डाची मी वहीत नोंद करतो: क्रमांक, तारीख, चित्र, मजकूर, इजा. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर फोनवर फोटोही काढतो.

माघातल्या एका सोमवारी बाबली आला. गावोगावची बंद घरं विकली जातात तेव्हा त्यांतली तांब्याची भांडी, जुन्या खुर्च्या, घड्याळं उचलणारा हा माणूस. साधारण पन्नाशीचा.

"मास्तर, आसास काय?" त्याने पायरीवरूनच हाक दिली. प्राध्यापक वगैरे त्याला मान्य नाही. शिकवणारा तो मास्तर. "तुमच्यासाठी मडमी हाडलंय."

स्वयंपाकघरातून यशोदा म्हणाली, "मडमी थयच ठेव रे. ह्या घरात एक बाईल पुरे आसा."

"काकीनु, तुमच्यासमोर मडमींची टाप आसा काय उभ्या रवाची?"

त्याने बिस्किटांचा एक गंजलेला डबा काढला. आत चौदा कार्डं होती. तेरा एकावर एक, आणि चौदावं वेगळं, लाल फडक्यात गुंडाळलेलं.

"हे वेगळं का?"

"माका काय ठावक? माळ्यार असाच गावला. इचारतलंय कोणाक, त्या घरात कोण रवला नाय."

चौदाव्या कार्डावर समुद्रकिनारा होता. पट्ट्यापट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख घातलेला एक ढेरपोट्या साहेब आरामखुर्चीत झोपलेला, तोंडावर रुमाल. भरती येऊन खुर्ची अर्धी पाण्यात बुडाली आहे, टोपी तरंगत निघाली आहे, आणि मागे काठावर बायकापोरं त्याच्याकडे बोट दाखवून हसताहेत. खाली इंग्रजीत ओळ: 'चहाच्या वेळेपर्यंत उठवू नये.' छपाई सुरेख, रंग ताजे. मागे मुंबईचा १९०९चा शिक्का, पत्ता जामसंडे, पत्त्यावरचं नाव शिक्क्याच्या शाईखाली बुडालेलं. डाव्या अंगाला मोडीत पाच ओळी.

इजा एकच होती. मजकुराच्या बाजूने पाहिलं तर खालचा डावा कोपरा नव्हता. बोटाच्या पेराएवढा तुकडा फाडलेला.

कोपरे दुरुस्त करणं हे माझं एकमेव हस्तकौशल्य. जपानी कागदाचा बारीक तंतूंचा तुकडा घ्यायचा, तांदळाची पातळ खळ लावायची, कडा एकमेकींत मिसळेपर्यंत बोटाने दाबायचं, वर वजन ठेवायचं. नवीन कोपरा मी रंगवत नाही. तो कोराच ठेवतो. इथे फाटलं होतं, हे पुढच्या माणसाला कळलं पाहिजे. काम संध्याकाळी पाचला संपलं. मी वहीत लिहिलं: 'क्र. ४१२. कोपरा जोडला. नवा भाग दोन्ही बाजूंनी कोरा.'

त्या ओळीखाली मी रेघही मारली, याचा मला तेव्हा बराच अभिमान वाटला होता.

२

मंगळवारी सकाळी वजन काढलं आणि भिंग लावलं. कोपरा कोरा नव्हता.

मोडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण शब्द लिहितो आणि मग त्यावर रेघ देतो. मोडी लिहिणारा कागदभर आडवी रेघ आधी ओढून घेई आणि मग तिला अक्षरं टांगत जाई, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. त्या कार्डावर अशा पाच रेघा होत्या. शेवटची रेघ फाटलेल्या कडेपासून सुरू होत होती. आता ती माझ्या नव्या कागदावरून सरळ डाव्या टोकापर्यंत गेली होती.

नुसती रेघ. तिला काही टांगलेलं नव्हतं.

खळीत पाणी असतं, पाण्याने जुनी शाई हलते. हे मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. पण ओल्या कागदात पसरलेल्या शाईला मिशा फुटतात, डाग पडतो. ही रेघ बोरूने ओढल्यासारखी होती: सुरुवातीला जाड, पुढे एकसारखी.

मी फोन उघडला. काल पाच वाजून चार मिनिटांनी काढलेला फोटो होता. फोटोतल्या कोपऱ्यावर रेघ होती.

मग वही उघडली. वहीत माझ्याच अक्षरात, 'दोन्ही बाजूंनी कोरा.'

दोन साक्षीदार, दोन्ही माझेच, आणि दोघांची साक्ष वेगळी. वर्गात मी अशा वेळी मुलांना विचारत असे, 'आता तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल?' मुलं यंत्रावर म्हणत. मी खूश होऊन मान डोलावत असे. त्या सकाळी मला वाटलं, की मी इतकी वर्षं एक फार सोपा प्रश्न विचारून पगार घेतला.

बाहेर बागांमधून मोहोरावरच्या फवारणीचे पंप चालू होते. त्यांची घरघर मध्येच थांबे आणि सगळं जामसंडे कान टवकारल्यासारखं गप्प होई. यशोदा आत गुणगुणत नारळ खवत होती. मी तिला काही सांगितलं नाही. माझ्या विसराळूपणाबद्दल तिने डॉक्टरांना परस्पर फोन केला होता, हे मला माहीत होतं.

३

मजकूर वाचायला मला दुपार लागली. मोडी मी निवृत्तीनंतर शिकलो, तेव्हा माझं वाचन म्हणजे अंधारात जिना उतरणं. प्रत्येक पायरी पायाने चाचपायची.

पहिल्या ओळीपाशीच थांबलो. वर 'श्री' नव्हता. त्या काळी गुरांच्या औषधाची चिठ्ठीसुद्धा 'श्री' काढल्याशिवाय कोणी लिहीत नसे. एकाच प्रकारच्या पत्रावर तो गाळत.

'कृतानेक नमस्कार विनंती विशेष. कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपले घरचे माणूस' असं होतं, मग दिवसाचा उल्लेख, माघ वद्य, पुढची तिथी पुसट. आणि शेवटची ओळ: 'यांस देवाज्ञा झाली. सुतक धरावे.'

'यांस'च्या आधी नाव हवं. ते फाटलेल्या कोपऱ्यात गेलं असणार, असं मी धरून चाललो. मग भिंग लावून जुनी कड पाहिली. एकही अक्षर कापलं गेलेलं नव्हतं. अक्षरं फाटीपासून नीट अंतर राखून सुरू झाली होती. म्हणजे कोपरा आधी फाडला आणि पत्र नंतर लिहिलं. नाव कधी लिहिलंच नव्हतं.

लिहिणाऱ्याला धीर झाला नसेल. किंवा घरच्यांना नाव सांगायची गरजच नसेल. कारणं सापडतात, कारणं शोधण्यात मी वाकबगार आहे.

चार वाजता शेजारच्या काशीबाई शेवग्याच्या शेंगा घेऊन आल्या. वय ऐंशीच्या पुढे, तोंड फटकळ, गुडघे सोडून सगळं शाबूत. यशोदाने चहा टाकला आणि माझ्या टेबलाकडे बोट करून म्हणाली, "ह्येंका आता मेल्या माणसांची पत्रां गावली हत. बघ गो, सायब कसो न्हिजलो आसा तो."

काशीबाईंनी कार्ड हातात घेतलं, चित्र पाहून हसल्या, उलटलं, आणि त्यांचं बोट कोपऱ्यावर आलं. माझं काम चांगलं असतं, पण बोटाला जोड कळते.

"हय फाटलेला होता?"

"हो. मी जोडलं."

"कित्या?"

कोपरा नसलेलं कार्ड अपुरं दिसतं, हे काही उत्तर नव्हे.

"मास्तर, तुम्ही एवढे शिकलास," त्या म्हणाल्या, "आणि कोपरो फाडलेला कार्ड कसला ता तुमका कळना नाय? मयताची खबर ती. माझ्या सासऱ्याची अशीच इल्ली. पोस्टमन पायरीर ठेवन निघान गेलो, हातात दिल्यान नाय. अशी खबर वाचूची, घरातल्या माणसांका वाचून दाखवची, फाडूची आणि आंगार पाणी घेवचा. घरात ठेवची नसता."

"काशीबाई, ही शंभर वर्षांपूर्वीची खबर आहे."

"खबर जुनी जाता काय? फाडूक नाय तवसर ती वाटेरच आसता."

"चहा घे गो," यशोदा म्हणाली. "तू पण काय तेंका भियवतंस. ते आधीच रात्री तीनदा कडी बघतत."

काशीबाईंनी चहा घेतला, पण ते कार्ड ठेवलेल्या टेबलाकडे पाठ करून.

मला कळलं ते एवढंच: पाठवणाऱ्याने फाडून ठेवलेली खूण मी पुसली होती. ज्या कागदाने दारातूनच 'मी कोण' ते सांगायचं, त्याला मी साधं खुशालीचं कार्ड करून घरात घेतलं होतं. आणि नावासाठी जागाही करून दिली होती. कोरी, स्वच्छ, उत्तम जपानी कागदाची.

४

बुधवारी रेघेला 'सौ.' टांगलेलं होतं.

मी खुर्चीत बसलो आणि या घरात 'सौ.' किती, हे मोजण्याचा मूर्खपणा केला. दोनच माणसांचं घर आहे.

त्याच वेळी माझी नजर माझ्या उजव्या हाताकडे गेली. मधल्या बोटाच्या पेरावर, टाक टेकतो तिथे, तपकिरी डाग होता. मोडीच्या सरावासाठी माझ्याकडे बोरू आहे, तपकिरी शाईची बाटली आहे. ती मी महिनाभर उघडली नव्हती, असं मला आठवतं. बाटलीचं झाकण कोरडं होतं. बोरूचं टोक ओलं होतं की नाही, ते मला ठरवता आलं नाही. मी ते इतक्या वेळा चाचपलं की शेवटी माझाच घाम लागला.

दोन शक्यता होत्या. एक, कार्डावर माझ्या बायकोचं नाव उमटत आहे. दोन, ते मी लिहितो आहे आणि मला आठवत नाही. त्या सकाळी मी पहिली शक्यता खरी ठरावी, अशी इच्छा केली. एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने केली, हे लिहून ठेवतो.

मी कोपरा सोडवायचा प्रयत्न केला. तांदळाची खळ पाण्याने सुटते, तेच तिचं वैशिष्ट्य. ओला कापूस ठेवून पाऊण तास बसलो. सुटली नाही. मग कार्ड दोन्ही हातांत धरलं, सरळ फाडून टाकायला. पण वाचल्याशिवाय फाडायचं नाही असं काशीबाई म्हणाल्या होत्या, आणि वाचायचं तर नाव पुरं व्हायला हवं. हातात कार्ड तसंच धरून मी उभा होतो, तेव्हा यशोदा आली.

"उद्याच्या अमावास्येला मी आणि काशीबाई कुणकेश्वरला जातोय. सकाळच्या एसटीने. तीर्थस्नान करून संध्याकाळपर्यंत परत."

शिवरात्रीची जत्रा चालू होती. ती दर वर्षी जाते. त्यात नवीन काही नव्हतं.

"यंदा नको जाऊस."

"का?"

"गर्दी असते."

"आणि गेली सोळा वर्षं कोण होतं तिथे? मी आणि देव?"

"निदान समुद्रात उतरू नकोस."

"अहो, मी घोटाभर पाण्यात उभी राहते. काशीबाई माझा हात धरते. तिला वाटतं तिने मला सांभाळलंय, मला वाटतं मी तिला. असं करून दोघी परत येतो."

"मला बरं वाटत नाहीये," मी म्हणालो.

ती रक्तदाबाचं यंत्र घेऊन आली, माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडे वाचले. "एकशे तीस, ऐंशी. यंत्र खोटं बोलत नाही. तुम्ही बोलता." मग पट्टा सोडवताना तिचा आवाज बदलला. "काय झालंय? मला सांगाल का?"

सांगितलं असतं तर तिने पहिल्यांदा माझं बोट पाहिलं असतं. मग पुण्याला मुलीला फोन, मग डॉक्टर. आणि तरीही ती कुणकेश्वरला गेलीच असती, माझ्यासाठी नवस बोलायला. मी म्हणालो, "काही नाही. तुझ्याशिवाय जेवण गरम करायचा कंटाळा येतो."

"मेल्यांनू, थंड जेवा," ती हसून म्हणाली आणि गेली.

५

गुरुवारी सकाळी सातला ती तयार होती. बारक्या काठाची हिरवी साडी, पिशवीत कोरडी साडी, नारळ, पाण्याची बाटली. जाताना चष्मा शोधत माझ्या टेबलाशी आली. कार्ड चित्राच्या बाजूने वर होतं. मजकुराची बाजू मला बघवत नव्हती, म्हणून मीच तसं ठेवलं होतं.

"अरे वा," ती म्हणाली. "तुम्ही कोपरे रंगवत नाही ना? मग ही बाई कोणी काढली?"

मी खिडकीशी होतो. वळलो नाही. "कोणती बाई?"

"ही काय, इथे खालच्या कोपऱ्यात. एवढीशी. पाठमोरी आहे. साडी नेसून पाण्यात चालली आहे." ती वाकली असावी, तिच्या बांगड्या टेबलाला लागल्याचा आवाज आला. "साहेबाच्या देशात साडी! हा मात्र खरा विनोद. सगळी त्या झोपलेल्याला हसताहेत आणि हिच्याकडे कोणाचं लक्षच नाही बघा."

"कुठपर्यंत पाण्यात आहे?"

"काय?"

"ती बाई. पाणी कुठपर्यंत आहे?"

"गुडघ्यापर्यंत. का हो?" मग जरा थांबून, "मागून ओळखीची वाटते. कोणासारखी तरी."

बाहेर काशीबाईंनी हाक मारली, "चल गो, एसटी काय तुझ्या घोवाची नाय!" यशोदाने चष्मा उचलला आणि "येते हं," म्हणून ती निघाली. मी दारापर्यंत गेलो. अडवायला हवं होतं. त्यासाठी शब्द लागतात, आणि माझ्याकडचे सगळे शब्द 'बहुधा', 'कदाचित', 'असं मला वाटतं' याच जातीचे आहेत. त्या शब्दांनी कोणी थांबत नाही. दोघी वळणापर्यंत एकमेकींचा दंड धरून गेल्या.

६

अकरापर्यंत मी टेबलाकडे गेलो नाही. जत्रेत फोनला रेंज नसते, हे माहीत असून सहा वेळा फोन केला. मग वरच्या बाजूचं चित्र न बघता कार्ड पालटलं.

'सौ.'च्या पुढे एक अक्षर आलं होतं आणि दुसरं अर्धं. पहिलं 'य' होतं. मी भिंग बाजूला ठेवलं. ते लागत नव्हतं.

त्या अर्ध्या अक्षराकडे मी किती वेळ पाहत होतो, ते सांगता येणार नाही. ते वाढताना मी पाहिलं नाही. मी डोळे मिटून उघडले की ते पुढे गेलेलं असे, इतकंच. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तीर्थस्नानाची गर्दी दुपारी असते.

मी ब्लेडचं पातं घेतलं. कागद माझा होता, मी लावलेला. त्यावरची शाई खरवडायचा हक्क माझा होता. तंतू उठले, भुगा झाला, अक्षरं गेली. रेघ मात्र राहिली. रिकामी रेघ पाहून मला जे वाटलं ते समाधान नव्हे. जेवायला पान मांडून ठेवलेलं असावं आणि कोणी बसलेलं नसावं, तसं ते होतं. ती रिकामी राहणार नव्हती.

तेव्हा मी एक युक्तिवाद केला. त्यात चूक असेल तर मला अजून सापडलेली नाही. हे सगळं माझ्या डोक्यातलं असेल, तर त्या रेघेवर कोणाचंही नाव लिहिल्याने कोणाचंही काही बिघडत नाही. आणि माझ्या डोक्यातलं नसेल, तर तिथे कोणाचं तरी नाव असणार आहे, आणि ते कोणाचं नसावं एवढं मला नक्की माहीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट नक्की माहीत होती.

मी शाईची बाटली उघडली. बोरू बुडवला. 'वामन अनंत पुरळकर' हे माझं नाव मी मोडीत यापूर्वी सरावासाठी पुष्कळदा लिहिलं होतं. दर वेळी 'मन' बिघडत असे. या वेळी हात हलला नाही. अक्षरं रेघेला लागली आणि पुढच्या 'यांस'ला जाऊन मिळाली. वळण, जाडी, झोक, सगळं एकच. मी दोन्हीकडे पाहिलं आणि माझं कुठे संपतं नि त्याचं कुठे सुरू होतं, ते मला दाखवता येईना.

शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो. चित्राची बाजू अजूनही पाहिली नाही.

७

साडेसहाला फाटक वाजलं. यशोदा आली होती. उन्हाने तांबूस झालेली, केस ओलसर, पायांना वाळू, हातात जत्रेतल्या गोड खाजाचा पुडा. मी पडवीत आरामखुर्चीत होतो. उठलो नाही, तिथूनच तिला पायांपासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"काय मेली गर्दी," ती पायरीवर बसत म्हणाली. "आणि ऐका, आज मी पडले असते हं. बाराच्या सुमारास. पाण्यात पायाखालची वाळूच सरकली. काशीबाईचा हात सुटला. गुडघ्यापर्यंत होते ती एकदम इथवर." तिने गळ्याशी हात नेला. "आणि मग कोणी तरी मागून दंड धरून उभं केलं. वळून बघते तर गर्दीच. कोण ते कळलं नाही. चांगला घट्ट हात होता." ती हसली. "तुम्ही जेवलात का?"

"यशोदा," मी म्हणालो, "मला तुला एक पत्र वाचून दाखवायचं आहे."

"ते कार्ड? वाचा. निदान विषय तरी संपेल."

वाचून दाखवायचं, फाडायचं, अंगावर पाणी घ्यायचं. मला ते संपवायचं होतं. मी वाचायला लागलो. सुरुवातीला ती पुड्याची दोरी सोडत होती. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते' इथे तिचे हात थांबले. मी शेवटची ओळ वाचली. माझं नाव वाचताना आवाज कापेल असं वाटलं होतं. तो कापला नाही, बातम्या वाचाव्यात तसा निघाला.

मला वाटलं होतं ती म्हणेल, 'काहीतरीच काय!' किंवा कार्ड हिसकावून घेईल, रागावेल, डॉक्टरांचं नाव काढेल. तिने यातलं काही केलं नाही. ती उठली, माझ्या हातातून कार्ड घेतलं, आणि आधी दोन, मग चार तुकडे केले. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. खाजाचा पुडा पायरीवरच ठेवून ती मागच्या न्हाणीत गेली.

पाण्याचा आवाज आला. एक तांब्या, दुसरा, तिसरा. अंगावरची साडी तशीच असावी, कारण पाणी पडताना जड वाटत होतं.

"यशोदा," मी हाक मारली. पाणी ओतणं चालू राहिलं. न्हाणीत हाक ऐकू येत नाही, हे खरं आहे.

शेजारून काशीबाई कुंपणापाशी आल्या. "काय गो यशोदा, तिन्हीसांजेक न्हातंस कित्या?"

पाणी थांबलं. यशोदा आतून काही बोलली. आवाज हलका होता. मला शब्द कळले नाहीत. काशीबाई कुंपणाच्या काठीला धरून उभ्या राहिल्या.

"कधी गो?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी चपला काढल्या आणि आमच्या पडवीत आल्या. माझ्या खुर्चीजवळून जाताना त्यांचा पदर माझ्या हाताला घासून गेला. त्या आत गेल्या.

काशीबाईंना मोतीबिंदू असावा. दिवेलागणीला पडवीत उजेड अपुरा असतो, आणि मी गडद रंगाचा सदरा घातला होता. शिवाय लक्ष दुसरीकडे असलं की माणसाला समोरची वस्तूही दिसत नाही. यावर मी स्वतः वर्गात प्रयोग घेतलेले आहेत, आणि निष्कर्ष दर वर्षी तेच येत.

आतून दोघींचा बोलण्याचा आवाज येत होता. कोणी तरी फोनवर माझ्या मुलीचा नंबर लावत होतं.

मी मुद्दाम, जरा मोठ्याने, खोकलो.